जेराल्ड आँजिअर: देवभीरू व्यापारी आणि मुंबईचा कारभार

प्रश्न असा आहे की, सतराव्या शतकातला ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जेराल्ड आँजिअर खरोखर धर्मनिष्ठ होता का, वखारीत मालाचे हिशेब पाहणारा माणूस एका बेटाचा गव्हर्नर कसा झाला, आणि त्याला मुंबईचा संस्थापक म्हणणे कितपत योग्य आहे. कंपनीच्या सुरत आणि मुंबई येथील वखारींचा पत्रव्यवहार वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने उत्तर देतो. माझे मत आधीच सांगतो. आँजिअरची श्रद्धा खरी होती. मात्र ती समजून घ्यायची असेल तर त्याने पाया घातलेल्या चर्चकडे जितके पाहावे, त्याहून जास्त त्याने लोकांना लिहून दिलेल्या करारांकडे पाहावे लागते. शब्द दिला तर तो कागदावर यावा आणि कागदावर आला तर तो पाळला जावा, हा व्यापाऱ्याचा नियम त्याने राज्यकारभाराला लावला, आणि हा नियम तो ईश्वरासमोरचे कर्तव्य मानत होता.

त्याचे घराणे आयर्लंडमधले. वडील ॲम्ब्रोज आँजिअर हे धर्मोपदेशक होते आणि आईचे वडील लान्सलॉट बल्कली हे डब्लिनचे आर्चबिशप. थोरला भाऊ फ्रान्सिस पुढे लाँगफर्डचा अर्ल झाला, आणि डब्लिनमधला आँजिअर स्ट्रीट हा रस्ता आजही या कुटुंबाचे नाव सांगतो. थोरल्याकडे पदवी आणि जमीन जाणार, धाकट्याने आपले नशीब समुद्रापलीकडे काढायचे, ही त्या काळच्या सरदार घराण्यांतली रीतच होती. जेराल्ड १६६२ च्या सुमारास सुरतेला कंपनीच्या नोकरीत आला.

व्यापारी गव्हर्नर कसा झाला, हे कळण्यासाठी कंपनीची रचना लक्षात घ्यावी लागते. सुरतेची वखार हे पश्चिम भारतातले कंपनीचे मुख्य ठाणे होते आणि तिच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणत. त्याच्याखाली सल्लागार मंडळ, मंडळाखाली व्यापारी, त्यांच्याखाली गुमास्ते आणि सर्वांत खाली कारकून अशी उतरंड होती, आणि बढती बहुतांशी नोकरीच्या वर्षांवर मिळत असे. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहकरारातून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे आले, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला, आणि राजाला त्यातून खर्चाखेरीज काही मिळेना म्हणून २७ मार्च १६६८ च्या सनदेने ते कंपनीला वार्षिक १० पौंड खंडाने देण्यात आले. नवा मालक सुरतेत बसलेला असल्यामुळे सुरतेचा प्रेसिडेंट हाच मुंबईचा गव्हर्नर, अशी व्यवस्था झाली. पहिला मान सर जॉर्ज ऑक्झेंडनचा होता. १४ जुलै १६६९ रोजी सुरतेतच त्याचे निधन झाले आणि दोन्ही पदे आँजिअरकडे आली. कापड, नीळ आणि मिरीचे भाव पाहणाऱ्या माणसाच्या हातात न्याय, सैन्य, नाणी आणि जमीनमहसूल हे सारे आले ते असे. त्याला या कामाचे शिक्षण कोणी दिले नव्हते आणि त्याच्यासमोर कंपनीचा स्वतःचा नमुनाही फारसा नव्हता.

सुरतेच्या वखारीतले जीवन आज वाचताना एखाद्या मठाची आठवण होते. दारे उघडण्यापूर्वी सकाळी प्रार्थना आणि रात्री पुन्हा प्रार्थना होत असे, जेवण सर्वांनी एकत्र घ्यायचे, रात्री दारे बंद झाल्यावर बाहेर राहायचे नाही, आणि नियम मोडणाऱ्याला दंड. ही शिस्त आँजिअरने सुरू केलेली नाही, पण ती त्याच्या स्वभावाला पूर्णपणे मानवली होती. त्याच्या पत्रांत ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो. त्या काळच्या इंग्रजी पत्रांत असे उल्लेख सर्रास असतात, म्हणून केवळ तेवढ्यावरून कोणाला धार्मिक ठरवू नये. आँजिअरचा वेगळेपणा असा की हे उल्लेख निर्णयाच्या ठिकाणी येतात. ईश्वराच्या साहाय्याने येथे एक शहर उभे करायचे आहे, या अर्थाचे त्याचे वाक्य इतिहासात प्रसिद्ध झाले. ते लिहिले गेले तेव्हा मुंबई म्हणजे भरतीच्या पाण्याने एकमेकांपासून तुटणारी बेटे, नारळीच्या वाड्या, भातखाचरे, कोळीवाडे आणि एक जुना पोर्तुगीज वाडा एवढेच होते, आणि इंग्रज शिपाई तेथे तापाने भराभर मरत होते.

पहिली अडचण जमिनीची होती. पोर्तुगीज अमलात जमिनी कोणाला कशा मिळाल्या, याचे कागद अर्धवट होते. सुरुवातीच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या जमिनी जप्त झाल्या होत्या, माझगावची मोठी जहागीर आल्वारो पिरेस याच्याकडे होती, आणि लहान खातेदारांना उद्या आपली वाडी राहील की सरकारजमा होईल याची खात्री नव्हती. अशा स्थितीत कोणी विहीर बांधत नाही आणि कोणी नारळही लावत नाही. आँजिअर जून १६७२ मध्ये मुंबईस येऊन राहिला आणि त्याच वर्षी त्याने खातेदारांशी जो करार केला तो ‘आँजिअरचा करार’ म्हणून ओळखला जातो. त्यानुसार रहिवाशांनी मिळून कंपनीला दरसाल २०,००० शेराफिन (पोर्तुगीज अमलातले चांदीचे नाणे) द्यायचे, कंपनीने जमिनींवरील आपले संशयित हक्क सोडायचे आणि खातेदारांचा कब्जा कायम मानायचा. बेटाच्या संरक्षणासाठी जमीनदारांनी माणसे पुरवण्याची जबाबदारीही याच व्यवस्थेशी जोडली गेली. मुंबईच्या जमिनीच्या जुन्या हक्कांचा अभ्यास करणाऱ्याला आजही या करारापाशी यावेच लागते.

मला या करारात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यामागची पद्धत. कंपनीजवळ तोफा होत्या आणि एकेका खातेदाराला कागद दाखव म्हणून दटावणे तिला अशक्य नव्हते; यापूर्वीच्या अधिकाऱ्यांनी ते केलेही होते. आँजिअरने रहिवाशांच्या प्रतिनिधींना बोलावून एकूण रकमेवर तडजोड केली, म्हणजे सर्वांचे देणे एका आकड्यात बांधले आणि वाद मिटवला. बुडीत येणी वर्षानुवर्षे वहीत ओढत नेण्यापेक्षा थोडे सोडून खाते साफ करणारा व्यापारी जसा वागतो, तसे हे वागणे होते. या तडजोडीतून त्याने लोकांकडे आपली पत निर्माण केली. पुढचे सगळे त्या पतीवर उभे राहिले.

दुसरे काम न्यायाचे. ऑगस्ट १६७२ मध्ये पोर्तुगीज कायद्याचा अंमल संपवून इंग्रजी कायदा लागू झाला आणि जॉर्ज विलकॉक्स याला न्यायाधीश नेमून न्यायालय मोठ्या समारंभाने उघडण्यात आले. मिरवणूक निघाली, तीत निरनिराळ्या समाजांचे लोक होते, आणि नंतर आँजिअरने भाषण केले. त्या भाषणाचा गाभा असा: या बेटावर इंग्रज, पोर्तुगीज, इतर ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू असे अनेक लोक आहेत, न्यायासनावर बसणाऱ्याने त्यांच्याकडे देश किंवा धर्म न पाहता एकाच नजरेने पाहावे, कारण तेही इंग्रजांइतकेच राजाचे व कंपनीचे प्रजाजन आहेत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना सार्वजनिक पदे मिळत नव्हती आणि अधिकृत चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांनाही तुरुंग पाहावा लागत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या भाषणाचे वजन कळते. अर्थात कंपनीचे राज्य हे शेवटी परक्यांचे राज्य होते आणि न्यायालयाची भाषा, कायदा व न्यायाधीश हे सारे तिचेच होते. तरीही फिर्याद घेऊन जाण्याची एक निश्चित जागा आहे, ही गोष्ट कोकणातून, गुजरातेतून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने फार मोठी होती.

प्रत्येक समाजाच्या आपसांतल्या तंट्यांसाठी त्याने पंचायतींना मान्यता दिली. मोठ्या खटल्यांसाठी कंपनीचे न्यायालय आणि रोजच्या व्यवहारासाठी जातीचे पंच, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. बेटाच्या पहाऱ्यासाठी भंडारी समाजाच्या माणसांची पथके बांधण्यात आली आणि माहीम, शीव, शिवडी अशा नाक्यांवर त्यांची ठाणी बसली. मुंबईच्या पोलीस दलाचा इतिहास सांगणारे आपली सुरुवात येथून धरतात. पारशांचा मलबार टेकडीवरचा पहिला दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा बुरूज, याच दशकातला आहे.

येथे तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे धर्मनिष्ठेकडे, नीट पाहता येते. दीव येथील नीमा पारेख या बनिया व्यापाऱ्याने १६७७ मध्ये मुंबईत येऊन राहण्यापूर्वी काही हमी मागितल्या. आपल्या लोकांना स्वधर्माचे आचरण मोकळेपणाने करता यावे, मृतांचे दहन करता यावे, आपल्या आवारात ख्रिस्ती किंवा मुसलमान यांना राहू देऊ नये आणि तेथे कोणत्याही प्राण्याची हत्या होऊ देऊ नये, कोणालाही बळाने ख्रिस्ती करू नये, अशा त्या मागण्या होत्या. आँजिअर आणि त्याच्या मंडळाने त्या मान्य केल्या. या हमींची किंमत समजण्यासाठी शेजारी काय चालले होते ते पाहावे. पोर्तुगीज मुलखात, म्हणजे वसई, दीव आणि गोव्यात, इन्क्विझिशनचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाचा, धाक होता आणि हिंदूंची अनाथ मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याचा कायदा होता. मोगल मुलखात औरंगजेबाचे धोरण कडक होत चालले होते. १६६९ मध्ये सुरतेच्या बनियांनी धार्मिक जाचामुळे दुकाने बंद करून मोठ्या संख्येने भडोचला निघून जाऊन निषेध केला, तेव्हा आँजिअर सुरतेतच होता आणि त्या घटनेची हकिकत इंग्रजांच्या पत्रांत आहे. बाजार ओस पडला की शहराचे काय होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

मग ही सहिष्णुता श्रद्धेतून आली की धंद्याच्या गरजेतून? हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि त्याचे एका बाजूचे उत्तर द्यायला मी तयार नाही. व्यापारी आल्याशिवाय बेटाचा खर्च निघणार नव्हता, हे उघड आहे. विवाहकरारानेच कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याची हमी दिली होती, त्यामुळे काही बाबतींत त्याचे हात बांधलेलेही होते. पण केवळ गरज असती तर दिलेल्या हमी सोयीनुसार वाकवता आल्या असत्या. आँजिअरने आपल्या लोकांवर मात्र धर्माची कडक शिस्त लादली: रविवारची प्रार्थना, मद्यपान, शिवीगाळ, जुगार यांबाबत त्याच्या काळातले हुकूम कठोर आहेत. स्वतःच्या माणसांकडून पूर्ण धर्माचरण मागायचे आणि दुसऱ्याच्या धर्मात हात घालायचा नाही, ही त्याची भूमिका होती. नीतीने वागणारा ख्रिस्ती पाहूनच लोकांना ख्रिस्ती धर्माचा आदर वाटेल, असे मानणारे लोक त्या काळी कंपनीत होते, आणि आँजिअरचे वर्तन त्यांच्याशी जुळते.

त्याच्या नाण्यांवरही हेच दिसते. १६७२ पासून मुंबईत पाडलेल्या चांदीच्या नाण्याला ‘अँग्लिना’, तांब्याच्या नाण्याला ‘कॉपरून’ आणि कथलाच्या नाण्याला ‘टिनी’ अशी नावे होती, आणि त्यांवर कंपनीच्या चिन्हाभोवती, शांती व वृद्धी ईश्वराकडून मिळते, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर होता. टांकसाळीला राजाची रीतसर परवानगी १६७६ मध्ये मिळाली.

मराठी वाचकाला यातला सर्वांत जवळचा भाग म्हणजे शिवाजी महाराजांशी त्याचा व्यवहार. आँजिअरला वारशात मिळाले ते वैर होते. राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली, म्हणून महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केले. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली; तेव्हा प्रेसिडेंट सुवाळी बंदरावर होता आणि शहरातील इंग्रज वखारीचा बचाव स्ट्रेन्शॅम मास्टर याने थोड्या माणसांनिशी केला. असे असूनही आँजिअरने सूडाची भाषा केली नाही. मुंबईचे लाकूडफाटा, धान्य आणि गुरे समोरच्या मुलखातून येत असत आणि तो मुलूख उत्तरोत्तर महाराजांच्या ताब्यात जात होता, हे त्याला ठाऊक होते. दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारप्रमुख होता आणि पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबई बंदरात आश्रय मागे. त्याला नकार द्यावा तर सुरतेत मोगल सुभेदार वखारीची नाकेबंदी करणार, आणि आश्रय द्यावा तर मराठे संतापणार. आँजिअर तटस्थतेचा शब्द दोघांनाही देत राहिला. सिद्दीने मुंबईच्या आडून मराठ्यांच्या गावांवर छापे घातले तेव्हा ती तटस्थता मराठ्यांना पोकळ वाटली असणार, आणि तसे वाटणे रास्तच होते. दिलेला शब्द पाळण्याचा त्याचा नियम येथे सर्वांत अधिक ताणला गेला, असे माझे मत आहे.

तडजोड झाली ती जून १६७४ मध्ये. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर होता तो आँजिअरचा वकील म्हणून, आणि बोलणी चालवण्यात कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी याचा मोठा वाटा होता. राजापूरच्या नुकसानीबद्दल १०,००० होनांची भरपाई ठरली, तीही मालाच्या व्यवहारातून आणि जकातीच्या सवलतीतून फेडायची. इंग्रजांची दोन कलमे महाराजांनी फेटाळली. इंग्रजी नाणे स्वराज्यात सक्तीने चालवावे, हे त्यांनी मानले नाही. धातूच्या मोलाप्रमाणे लोक घेतील तर घेतील, असे त्यांचे म्हणणे होते. किनाऱ्याला लागलेली फुटकी जहाजे परत देण्याचे कलमही, हा कोकणच्या राज्यकर्त्यांचा जुना हक्क आहे म्हणून, नाकारले गेले. ही दोन उत्तरे वाचली की वाटाघाटीच्या दोन्ही बाजूंना पैशाची आणि सार्वभौमत्वाची जाण असलेली माणसे होती, हे ध्यानात येते.

लष्करी प्रसंग मी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच सेनापती रायक्लोफ व्हान खून्स मोठे आरमार घेऊन मुंबईसमोर आला. आँजिअरने जमीनदारांची पथके आणि तोफा यांसह जी तयारी ठेवली होती ती पाहून डचांनी हल्ला न करता माघार घेतली. इतिहासकार ऑर्मने या प्रसंगातल्या आँजिअरच्या शांतपणाची आणि धैर्याची मोठी प्रशंसा केली आहे. १६७४ मध्ये पगार आणि महागाई यांवरून इंग्रज शिपायांनीच बंड केले, तेव्हा त्याने काही मागण्या मान्य केल्या, पण पुढाऱ्यांपैकी एका कॉर्पोरलला लष्करी कायद्याने गोळी घालण्यात आली. त्याच्या देवभीरूपणात ही कठोरताही होती, आणि चरित्र सांगताना ती वगळू नये.

कंपनीचे लंडनमधील संचालक त्याच्यावर खूश नव्हते. मुंबईची तटबंदी, फौज आणि इमारती यांचा खर्च त्यांना खुपत होता आणि काटकसरीची पत्रे येत राहिली. सप्टेंबर १६७५ मध्ये तो सुरतेला परतला. त्याच वर्षी त्याने मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळींना चांदीचा एक प्याला अर्पण केला होता. मोठ्या चर्चसाठी वर्गणी जमवून त्याचा पायाही १६७६ मध्ये घातला गेला. दीर्घ आजारानंतर ३० जून १६७७ रोजी पहाटे सुरतेत त्याचे निधन झाले. ही बातमी कळल्यावर मुंबईच्या मंडळाने लिहिलेले उत्तर कंपनीच्या कोरड्या पत्रव्यवहारात वेगळे उठून दिसते: शब्द वाढवले तर दुःख वाढेल, पण झालेल्या हानीचे मोजमाप त्यातून होणार नाही, असा त्याचा आशय आहे. चर्चचे काम मात्र भिंतींपाशीच थांबले आणि जमलेल्या निधीचा पुढे नीट हिशेब लागला नाही. रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने नव्याने वर्गणी जमवली, तेव्हा कुठे ते १७१८ च्या नाताळात प्रार्थनेसाठी खुले झाले. तेच आजचे सेंट थॉमस कॅथीड्रल, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजामुळे चर्चगेट हे नाव पडले.

संस्थापक या पदवीबद्दल माझी भूमिका अशी आहे. त्याच्या काळात मुंबईची वस्ती १०,००० वरून ६०,००० झाली, असे सर्रास लिहिले जाते. ६०,००० हा आकडा कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याने दिलेला अंदाज आहे, जनगणनेचा नाही, म्हणून तो जपून वापरावा. बेटावर कोळी, भंडारी, आगरी, पाचकळशी यांची गावे आँजिअरच्या आधी शतकानुशतके नांदत होती, महिकावतीची (माहीमची) राजधानी येथे होऊन गेली होती, आणि मुंबादेवीला इंग्रजांनी येथे आणले नाही. त्यामुळे शहर त्याने शून्यातून उभारले असे म्हणणे चुकीचे आहे. त्याच्यामागून आलेल्या गव्हर्नरांच्या काळात हा कारभार किती लवकर बिघडला तेही पाहण्यासारखे आहे: १६८३ मध्ये कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून बेट ताब्यात घेतले, आणि १६८९ मध्ये गव्हर्नर जॉन चाइल्डने मोगलांशी केलेल्या उद्धट भांडणामुळे सिद्दी याकूब बेटावर उतरला आणि त्याने किल्ल्याबाहेरची वस्ती उद्ध्वस्त केली. अठराव्या शतकात मुंबई पुन्हा वाढली ती गुजराती, पारशी, कोकणी मुसलमान, शेणवी आणि प्रभू मंडळींच्या भांडवलावर व श्रमांवर. त्यांना येथे बोलावताना कंपनीने ज्या अटी पुन्हा पुन्हा पुढे केल्या, म्हणजे जमिनीचा कायम कब्जा, धर्मात ढवळाढवळ नाही, तंट्यासाठी पंच आणि वर न्यायालय, त्या मात्र आँजिअरने १६७२ ते १६७७ या पाच वर्षांत लिहून ठेवलेल्या होत्या. तेवढ्यापुरती ती पदवी त्याला द्यायला माझी हरकत नाही.